तोक्योत इंग्रजीचा छोटा वर्ग काढायचाय? आधी सहा मुलं शोधा

प्रश्न नाशिकच्या एका शिक्षिकेचा आहे. बी.एड. झालेल्या, सहा वर्षं पाचवी ते आठवीला इंग्रजी शिकवलेलं. नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमुळे गेल्या वर्षी मुलीसह तोक्योत, एदोगावा वॉर्डातल्या निशिकासाईला राहायला आल्या. आता त्यांना स्वतःची छोटी इंग्रजीची शाळा काढायची आहे. विचारतात की डिपेंडंट व्हिसावर हे चालतं का, भांडवल किती लागेल, वर्ग घरी घ्यावा की जागा भाड्याने घ्यावी, आणि जपानी आईबाप भारतीय बाईकडे इंग्रजी शिकायला मुलं पाठवतील का?

शेवटचा प्रश्न तुम्ही सगळ्यात खाली, जरा बिचकत लिहिलाय. मीही २०१३ मध्ये तोच बिचकत विचारला होता. त्याच्याकडे येते, पण आधी व्हिसाचं बघू, कारण तिथे चूक झाली तर बाकीचं बोलायलाच नको.

डिपेंडंट व्हिसावर मुळात काम करायला परवानगी नसते. ती वेगळी काढावी लागते. आपल्याकडच्या बहुतेक जणींकडे ती असते, झाइर्यू कार्डाच्या, म्हणजे इथल्या परदेशी रहिवाशाच्या ओळखपत्राच्या, मागे शिक्का असतो आणि आठवड्याला २८ तासांची मर्यादा असते. आपण समजतो, झालं काम. इथेच पाय घसरतो. हा सरसकट परवाना कुणाच्या तरी हाताखाली केलेल्या कामासाठी आहे, जिथे मालक तुमचे तास मोजतो. स्वतःचा वर्ग काढलात की तास मोजणारं कुणी नाही, म्हणून त्या कामासाठी स्वतंत्र, वैयक्तिक परवानगी मागावी लागते. काम काय, आठवड्याला किती तास, मिळकत किती अपेक्षित, हे लिहून द्यावं लागतं. मी एका ग्योसेइशोशीकडून, म्हणजे सरकारी कागदपत्रं तयार करून देणाऱ्या परवानाधारकाकडून, अर्ज करून घेतला. पैसे गेले, पण त्याने माझ्या 'शाळा' या शब्दावर काट मारून 'मुलांसाठी इंग्रजी संभाषण वर्ग, आठवड्याला ८ तास' असं लिहिलं. तेव्हा मला जरा अपमानच वाटला होता. नंतर कळलं, माझं सगळं नियोजन त्या एका ओळीत आलं होतं.

कुणीतरी तुम्हाला सांगेल की सरळ कंपनी काढा आणि बिझनेस मॅनेजर व्हिसा घ्या. पूर्वी त्याला ५० लाख येन भांडवल पुरायचं. १६ ऑक्टोबर २०२५ पासून ते ३ कोटी येन झालं आहे, शिवाय एक पूर्णवेळ कर्मचारी ठेवावा लागतो आणि जपानी भाषेचीही अट आली आहे. सहा मुलांना ए-बी-सी-डी शिकवायला हा रस्ता नाही. पुढेमागे तुम्हाला कायम वास्तव्याची परवानगी मिळाली की कामावरची बंधनं उठतील. आम्हाला ती २०१९ मध्ये मिळाली, तोवर माझा वर्ग त्याच आठ-बारा तासांत चालला आणि काही बिघडलं नाही.

आता भारतीय असण्याबद्दल. गोड बोलत नाही. तुमचं पत्रक बघून काही आया 'नेटिव्ह आहात का?' एवढंच विचारतील आणि फोन ठेवतील. त्यांना सोडून द्या. त्यांची समजूत काढण्यात मी पहिली दोन वर्षं फुकट घालवली. स्टेशनजवळची मोठी एइकाइवा, म्हणजे इंग्रजी संभाषणाचे वर्ग, अमेरिकन नाहीतर ब्रिटिश चेहरा दाखवूनच चालतात. त्या खेळात आपण उतरायचंच नाही.

पण अशाही आया असतात ज्यांच्या मुलाला त्या तरुण, हसऱ्या, दर वर्षी बदलणाऱ्या शिक्षकाकडून दोन वर्षांत 'हॅलो' आणि रंगांची नावं यापलीकडे काही मिळालेलं नसतं. त्यांना कुणीतरी नेटाने शिकवणारं हवं असतं. आणि भारताबद्दल जपान्यांच्या मनात एक जागा आधीच आहे, गणिताची. २००७ च्या सुमाराला इथे 'भारतीय पद्धतीची आकडेमोड' याचं चांगलंच खूळ होतं, दुकानांत त्याच्या पुस्तकांच्या थप्प्या होत्या. अजूनही दर दोन-तीन महिन्यांनी एखादी आई विचारते, तुम्ही लोक १९ पर्यंतचे पाढे पाठ म्हणता ना? मी सांगते, ३० पर्यंत, आणि माझ्या आजीला तर पावकी-निमकीही यायची. पावकी म्हणजे काय ते जपानीत समजावताना माझी दमछाक होते, पण तेवढ्यात ओळख झालेली असते. पुढे मी तिसरी-चौथीच्या मुलांसाठी दर तासाला दहा मिनिटं तोंडी हिशेब इंग्रजीतून घ्यायला लागले. संख्या ओळखीच्या, भाषा नवी, त्यामुळे गप्प बसणारी मुलंही उत्तर देतात. तुम्हाला पाढे येत असतील तर वापरा, त्यात कमीपणा नाही.

शिवाय निशिकासाईत भारतीय माणूस नवा नाही. २००० च्या आसपास संगणकवाल्यांची पहिली लाट आली तेव्हापासून आपली माणसं तिथे आहेत. ओतेमाचीच्या ऑफिसांच्या भागात थेट जाणारी तोझाई मेट्रो लाइन आणि हमीदार न मागणारी सरकारी भाड्याची घरं, ही त्याची दोन साधी कारणं. २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे आपले मराठी गृहस्थ एदोगावाच्या वॉर्ड सभेवर निवडून आले, नंतर इबाराकी प्रांतात एका सरकारी हायस्कूलचे मुख्याध्यापकही झाले. त्यामुळे तिथल्या आयांना तुमचं आडनाव उच्चारायला जड जाईल, पण दारात साडीवाली बाई दिसली म्हणून कुणी दचकणार नाही.

आणि एक गिऱ्हाईक तुमच्या बिल्डिंगमध्येच आहे, ज्याचा विचार तुम्ही केलेला दिसत नाही. आपल्यातली बरीच मुलं इथल्या भारतीय शाळांत न जाता, फी परवडत नाही म्हणून किंवा जपानी पक्की व्हावी म्हणून, वॉर्डाच्या सरकारी शाळेत जातात. चौथीपर्यंत ती जपानी फाडफाड बोलतात, घरी मराठी समजते, आणि इंग्रजी वाचता येत नाही. मग नवऱ्याची बदली पुण्याला होणार अशी कुणकुण लागते आणि आई रात्री साडेदहाला फोन करते, की हा सहावीत इंग्रजी माध्यमात कसा बसणार? ही मुलं मला दर वर्षी तीन-चार तरी मिळतात. त्यांना खेळ-गाणी नकोत, त्यांना वाचन, लेखन, शास्त्राच्या पुस्तकातले शब्द हवेत. म्हणजे तुम्ही नाशिकला करत होतात तेच. फक्त या मुलांचा आणि जपानी मुलांचा वर्ग एक करू नका. मी केला होता. आपली मुलं उत्तरं ओरडून देतात, जपानी मुलं बाकाखाली बघतात, आणि महिन्याभरात जपानी आया नम्रपणे एकेक करून निघून जातात. कारण कुणी सांगत नाही. 'घरी जरा अडचण आहे' एवढंच.

शिकवण्याच्या बाबतीतही नाशिकचं सगळं इथे चालणार नाही. माझ्या पहिल्याच तासाला मी आपल्या सवयीने एका सात वर्षांच्या मुलाला उभं करून वाचायला सांगितलं. तो उभा राहिला, वाचलं नाही, आणि आवाज न करता रडायला लागला. त्याची आई मागे बसली होती. इथली मुलं चुकायला घाबरतात. त्यापेक्षाही, चुकताना दिसायला घाबरतात. त्यामुळे आधी सगळ्यांनी मिळून म्हणायचं, मग दोघादोघांनी, एकट्याने सगळ्यात शेवटी, आणि तेही त्याने हात वर केला तर. सुरुवातीचे तीन महिने मूल काही बोलत नसेल तर घाबरू नका. घरी जाऊन आंघोळीच्या टबात सगळं म्हणत असतं, आया सांगतात.

वाचनात सगळ्यात मोठा अडसर रोमाजीचा. तिसरीत मुलं रोमन लिपीत जपानी लिहायला शिकतात आणि नंतर प्रत्येक इंग्रजी शब्द तसाच वाचतात. 'सेम' हा शब्द समोर ठेवा, मूल 'सामे' वाचेल आणि खूश होईल, कारण सामे म्हणजे शार्क मासा. 'टेक' हा 'ताके' होतो, म्हणजे बांबू. 'मेक' चा 'माके', म्हणजे हार. मूल चुकत नसतं, ते शाळेत शिकवलेलंच वाचत असतं, म्हणून त्याला चूक म्हणू नका. मी फळ्यावर दोन घरं काढते, एक जपानी, एक इंग्रजी, आणि तेच चार वर्ण घर बदललं की आवाज बदलतात हे दाखवते. तीन-चार आठवडे फक्त शेवटच्या मुक्या 'ई' वर घालवावे लागतात. घालवा.

उच्चारांत आपल्याला एक आयता फायदा आहे, आपल्याकडे र आणि ल वेगळे आहेत (ळ सुद्धा, पण तो ऐकून इथे सगळे हसतात). जपानीत र-ल हा भेद नाही आणि 'न' सोडला तर व्यंजनाला नेहमी स्वर चिकटलेला, म्हणून 'मिल्क' चा 'मिरुकु' होतो. पाय मोडका ल् कसा असतो हे आपल्याला सांगायला सोपं जातं. आपली खोड वेगळी आहे, व्ही आणि डब्ल्यू आपण दोन्ही 'व' करतो. आधी स्वतःचं ते दुरुस्त करा. मी आरशासमोर बसून केलं, चाळिशीला आलेली असताना.

अभ्यासक्रम मनाने बनवू नका. २०२० पासून इथल्या सरकारी शाळांत पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय झाला आहे, वर्षाला ७० तास, आणि तिसरी-चौथीला ३५ तासांची तोंडओळख. पाचवीत गुणपत्रिकेवर इंग्रजी दिसायला लागलं की आया जाग्या होतात. दुसरी दोरी एइकेन या इंग्रजीच्या परीक्षेची. वर्षातून तीनदा होते, सगळ्यात सोप्या पाचव्या पातळीपासून पहिलीकडे चढत जायचं. पाचवी आणि चौथी पातळी वाचन आणि श्रवण एवढ्यावर निघते, तिसऱ्या पातळीपासून लेखन आणि मुलाखत येते, आणि २०२४ पासून त्या पातळीला ईमेल लिहिण्याचा प्रश्नही आहे. तुमचा पहिला विद्यार्थी पाचवी पातळी पास झाला की त्याची आई पत्रकाशिवाय चार मुलं आणते. मी परीक्षेच्या मागे लागणारी नाही, पण हे नाकारण्यात अर्थ नाही.

आता पैसे. माझं पहिल्या वर्षाचं गणित सांगते. सात मुलं, महिन्याला प्रत्येकी ७,००० येन, म्हणजे ४९,०००. जागा एका नाचाच्या वर्गाची, दुपारी रिकामी असायची, तासाला १,२०० येन. आठवड्याचे चार तास धरून महिन्याला १९,२००. पुस्तकं, छपाई, स्टिकर धरून तीनेक हजार. हातात उरायचे २६-२७ हजार. त्यात आपल्या दोन महिन्यांच्या भाजीचा खर्च निघाला असता. पण जोखीम शून्य. मी सुरुवातीला घातलेले पैसे म्हणजे एक पांढरा फळा, पत्रकांची छपाई, अपघात विमा आणि ग्योसेइशोशीची फी, एवढेच.

घरी वर्ग घेण्याचा मोह सगळ्यांना होतो. आधी भाडेकरार काढून बघा, त्यात राहण्यासाठीच असं लिहिलेलं असेल तर मालकाची लेखी परवानगी हवी. समजा मिळाली, तरी सायकलींचं काय? सहा मुलं म्हणजे सहा आया, पुढेमागे खुर्च्या लावलेल्या सहा अवजड सायकली, आणि त्या सगळ्या इमारतीच्या दारात. माझ्या मैत्रिणीचा घरगुती वर्ग आवाजामुळे बंद पडला नाही, सायकलींमुळे पडला. वॉर्डाच्या समाजमंदिरातल्या खोल्या स्वस्त असतात, पण नफ्यासाठी वर्ग चालवणाऱ्यांना त्या बऱ्याच ठिकाणी देत नाहीत किंवा जादा दर लावतात. काउंटरवर खरं सांगून विचारा.

आणि गाळा भाड्याने घेऊ नका. निदान तीन वर्षं नको. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मी घेतला, तळमजल्यावर, काचेचं दार, महिना ८५,००० येन. तेव्हा ३१ मुलं होती, वाटलं आता पाटी लावायचे दिवस आले. पाच महिन्यांत, २ मार्च २०२० पासून, देशभरातल्या शाळा बंद झाल्या. मी संगणकावरून शिकवायला लागले, पण सहा वर्षांची मुलं पडद्यासमोर किती बसणार? एप्रिलमध्ये अकरा मुलं उरली. भाडं तेवढंच. त्या वर्षी मला तारलं ते सरकारच्या मदतीने, ज्यांची मिळकत निम्म्याहून खाली आली अशा एकट्याने व्यवसाय करणाऱ्यांना १० लाख येनपर्यंत रक्कम मिळाली. ती मागताना आदल्या वर्षीचं कर विवरणपत्र जोडायचं होतं. माझ्याकडे होतं. माझ्या ओळखीच्या दोघीतिघी वर्षानुवर्षं 'ओळखीतल्या मुलांना शिकवते' म्हणून रोख पैसे घेत होत्या, त्यांच्याकडे जोडायला काहीच नव्हतं.

म्हणून वर्ग सुरू झाला की लगेच कर कार्यालयात काइग्योतोदोके द्या, म्हणजे व्यवसाय सुरू केल्याचा अर्ज. एक पान आहे. त्याच वेळी निळ्या विवरणपत्राचाही, म्हणजे हिशेब ठेवणाऱ्यांना वजावट देणाऱ्या कर विवरणपत्राचाही, अर्ज टाका, त्याला दोन महिन्यांची मुदत असते. हिशेब नीट दुहेरी पद्धतीने ठेवून ऑनलाइन भरलात तर ६.५ लाख येनपर्यंत वजावट मिळते. विक्री वर्षाला १ कोटी येनच्या आत असेपर्यंत उपभोग कराची (आपल्या जीएसटीसारख्या) चिंता सहसा नाही. नवऱ्याच्या आरोग्य विम्यात तुम्ही अवलंबित म्हणून असाल तर मात्र वर्षाला १३ लाख येनची रेघ लक्षात ठेवा. ती मोजताना कोणता खर्च वजा धरायचा हे कर कार्यालय ठरवत नाही, नवऱ्याची विमा संस्था ठरवते. मी दोन्ही एकच समजले आणि एका वर्षी मागच्या तारखेपासून विम्यातून बाहेर पडले. घरात महिनाभर या विषयावर कुणी मोठ्याने बोललं नाही.

फी महिन्याच्या महिन्याला घ्या. सहा महिन्यांची एकदम घेतली तर सवलत देऊ, असं आपल्या डोक्यात क्लासवाल्यांमुळे असतं. इथे दोन महिन्यांहून लांब आणि ५०,००० येनहून मोठा भाषावर्गाचा करार केला की ग्राहक कायदा लागतो. आठ दिवसांत विनाअट रद्द करता येतो आणि मध्येच सोडलं तर उरलेल्या रकमेच्या २० टक्के किंवा ५०,००० येन, यातलं जे कमी असेल त्याहून जास्त तुम्ही ठेवू शकत नाही. आणि कायदा राहू द्या, लोकांच्या आठवणी आहेत. २००७ मध्ये नोव्हा ही देशातली सगळ्यात मोठी एइकाइवा साखळी कोसळली तेव्हा लाखो विद्यार्थ्यांचे आगाऊ भरलेले पैसे अडकले. आजच्या आयांपैकी कितीतरी जणी तेव्हा कॉलेजात होत्या. मी अजूनही फी पाकिटातून घेते. गेश्शाबुकुरो म्हणतात त्याला, बारा महिन्यांचे चौकोन छापलेलं जाड कागदाचं पाकीट. मूल दोन्ही हातांनी देतं, मी शिक्का मारून परत देते. बँकेत भरणं सोपं आहे, पण पाकिटाच्या निमित्ताने आई महिन्यातून एकदा दारापर्यंत येते आणि दोन वाक्यं बोलते. त्या दोन वाक्यांत मला कळतं की हे मूल मार्चमध्ये, शाळेचं वर्ष संपताना, सोडणार आहे की नाही.

नागा पडलेल्या तासाच्या बदल्यात दुसरा तास, ज्याला फुरिकाए म्हणतात, याचा नियम पहिल्याच दिवशी लिहून द्या. महिन्यात एक, आदल्या दिवसापर्यंत कळवलं तरच, आणि त्याच महिन्यात. मी पहिल्या वर्षी 'काही हरकत नाही' म्हणत गेले आणि डिसेंबरात माझ्यावर १९ तास चढले होते.

मुलं कधी गळतात तेही ऐकून ठेवा. खाजगी माध्यमिक शाळांची प्रवेश परीक्षा तोक्योत १ फेब्रुवारीपासून सुरू होते आणि त्या तयारीचे जुकू, म्हणजे शिकवणी वर्ग, तिसरीच्या फेब्रुवारीतच मुलांना ओढून नेतात. म्हणजे तुमची नऊ वर्षांची सगळ्यात हुशार मुलं तुमच्या हातून जाणार. वाईट वाटून घेऊ नका, त्यांच्या धाकट्या भावंडांसाठी जागा राखून ठेवा. सगळीच मुलं एका वयाची घेतली तर एका मार्चमध्ये वर्ग रिकामा होतो, म्हणून पहिल्या सहांत निदान दोघं पाच-सहा वर्षांची असू द्या.

ती सहा मुलं आणायची कुठून? तुमची मुलगी ज्या बालवाडीत किंवा शाळेत आहे तिथल्या आयांमधूनच. इंटरनेटवरच्या जाहिरातीने मला दहा वर्षांत दोन मुलं मिळाली. पहिले तीन महिने काही विकू नका, शाळेच्या कामात हात द्या, खेळाच्या दिवशी तंबू उभारायला लवकर जा. मग डिसेंबरात आपल्या इथल्या एखाद्या खोलीत मोफत तास ठेवा, ताइकेन म्हणतात त्याला, अनुभवाचा तास. चाळीस मिनिटांचाच ठेवा, आया मागे बसू देत, तास संपल्यावर चहाबरोबर काहीतरी घरचं ठेवा. मी शंकरपाळी ठेवली होती, अंडं-दाणे नाहीत हे चिठ्ठीवर लिहून. त्याच दिवशी प्रवेशाचं विचारू नका. आठवड्याने मेसेज करा.

पत्रकावर 'स्कूल' हा शब्द नको, आणि आपण कुठल्या ते झाकूही नका. माझ्या पहिल्या पत्रकावर मी 'आंतरराष्ट्रीय शिक्षिका' असं गुळमुळीत लिहिलं होतं, कुणी आलं नाही. दुसऱ्यावर जपानीत चार ओळी लिहिल्या: पुण्याची आहे. नऊ वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलंय. माझी मुलगी तुमच्याच शाळेत दुसरीत आहे. वर्गात सहाच मुलं घेते.

त्या पत्रकावर पाच आया आल्या. सहावं मूल नाचाच्या वर्गाच्या मालकिणीचा नातू होता.